ये म्हणायचे राहून गेले

कल्याणच्या जंक्शनात इंजिनांना पाणी पुरवणाऱ्या पंपावर एक गोरा मिस्त्री होता. निरोप घेताना तो ‘जातो’ म्हणे. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ निघून गेले तर घरातली बाई हातातले काम टाकून त्याला परत बसवते आणि नीट निघायला लावते. हे त्या गोऱ्याला कोणी सांगितले नव्हते असे नाही. मीच सांगितले होते. कोलशेतची एक म्हातारी तर त्याला दर खेपेला बजावी, “जातो नाय म्हनू रं, येतो म्हन.” तो टोपी डोक्यावर ठेवी, तिच्या झोपडीच्या दारातून वाकून बाहेर पडे आणि ‘जातो’ म्हणे. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावत. त्यांना वाटे, साहेबाला भाषा येत नाही. भाषा त्याला फारशी येत नव्हती हे खरेच. पण हा एक शब्द त्याला जितका महाग पडला होता तितका आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता.

मी तेव्हा ठाण्याला मिठाच्या खात्यात कारकून होतो. हे खाते काय करते असे कोणी विचारले तर मी सांगत असे की समुद्राचे पाणी रयतेचे आणि त्यातले मीठ सरकारचे. पाणी कोठे संपते आणि मीठ कोठे सुरू होते ते पाहायला आम्हांला नेमले आहे. वरिष्ठांना हा विनोद आवडला नाही. मी कारकूनच राहिलो. थंडी सरली की मिठागरांच्या फेऱ्या सुरू होत आणि कोलशेत माझ्या वाट्याला येई. ठाण्याहून बैलगाडी, शेवटचा तुकडा बांधावरून पायी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठाचे वाफे, आणि मान खाली घातली तरी डोळ्यांत जाणारा तो पांढरा उजेड.

अशाच एका फेरीत आमचा शिपाई धापा टाकत आला.

“भाऊसाहेब, गावात गोरा आलाय. ही तिसरी खेप म्हणतात. मीठ चोरायला तर नसेल?”

“गोरा कशाला चोरेल? तो उघड नेईल,” मी म्हणालो आणि बघायला गेलो.

तो बांधावर पाय सोडून बसला होता. तिशीच्या आसपासचा, उंच, हाडकुळा, आणि उन्हाने चेहऱ्याची पार वीट झालेली. मला पाहून उठला. साहेब लोक मला पाहून उठत नसत, तेव्हाच मी ओळखले की हा आमच्याकडच्या साहेबांपैकी नव्हे. इंग्रजी येते का म्हणून त्याने विचारले. त्याचे स्वतःचे इंग्रजी निम्मे नाकातून येई आणि निम्मे येतच नसे. तो ऑस्ट्रेलियाचा होता हे मला मागाहून कळले. पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा : “माणूस मरण पावला, हे तुमच्या भाषेत कसं सांगतात?”

“माणूस कोण त्यावर आहे,” मी म्हणालो. “मोठा असला तर कैलासवासी होतो. चार लोकांसारखा असला तर वारतो. आणि कोणाच्या खिजगणतीत नसला तर मरतो.”

“आणि जवळचा असला तर?”

“मग आम्ही नुसतं ‘गेला’ म्हणतो.”

“गेला. चालू लागला त्यालाही हाच शब्द ना?”

“हाच.”

“मग जो नुसताच निघालेला असतो तो काय म्हणतो? जातो?”

“छे. तो म्हणतो, येतो.”

मी थट्टा करतो आहे की काय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले. म्हणून मी त्याला नीट समजावून सांगितले. आमच्यात जाण्याचे नाव काढीत नाहीत. जाणारा परत येण्याचेच बोलतो, मग तो बाजाराला निघालेला असो की काशीला.

“आणि मागं राहणारा?” त्याने विचारले.

“तो म्हणतो, ये.”

“नेहमी?”

“भांडण नसलं तर नेहमी.”

“आणि समजा तो म्हणाला, नको?”

“असं कोणी म्हणत नाही.”

तो पुन्हा बांधावर बसला. “मी म्हटलं,” तो म्हणाला.

मग जे त्याने सांगितले ते एका बैठकीत सांगितले नाही. पुढे वर्षभर तुकड्यातुकड्याने मला ते कळत गेले. इथे मी ते सलग लिहितो.

त्याचा बाप दुसऱ्याची मेंढरे राखी. हा स्वतः लोकरीच्या गाड्या हाकी. सुदानात इंग्रजांचा एक सेनापती मारला गेला तेव्हा या लोकांच्या वसाहतीला वाटले की आपणही माणसे पाठवली पाहिजेत. “आम्हांला कोणी बोलावलं नव्हतं,” तो म्हणाला. बोलावणे नसलेला पाहुणा नेहमीच जास्त नटून जातो. त्या दिवशी शाळांना सुट्टी होती, बँड वाजत होते, बायका फुले फेकत होत्या, आणि बंदराच्या तोंडापर्यंत लहान आगबोटी सोबतीला आल्या होत्या. ह्याला गर्दीत कोणीतरी अनोळखी बाईने मिठी मारली. ती बाई चुकली होती. तिला दुसराच कोणी हवा होता.

सुदानात त्यांनी काय केले? रेल्वे राखली. वाळवंटात रूळ टाकीत जायचे आणि त्या रुळांवरून पुढे जाऊन शत्रूला गाठायचे असा सरकारचा बेत होता. हे लोक रुळांशेजारी उभे राहत. शत्रू बहुधा दिसत नसे. ऊन दिसे. पाऊण दिवस गेला की सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागे : पाणी कधी येते. तिकडे गोड्या पाण्याची विहीर पुरेशी नव्हती. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बोटींत समुद्राचे पाणी उकळून त्याच्या वाफेचे पाणी करीत आणि ते डब्यांत भरून खेचरांवर लादून पुढे पाठवीत.

ती खेचरे हाकणाऱ्यांत कोलशेतचा एक पोरगा होता. बापामागे मिठागरावर राबत होता, मग मुंबईच्या गोदीत गेला, आणि तिथून पलटणींबरोबर सामान वाहायला माणसे घेत होते त्यांत शिरला. पाण्याची ती बोट त्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो इतका हसला म्हणे की खेचर बिथरले. आपल्या गावी पाणी आटवून मीठ ठेवतात आणि हे सरकार पाणी ठेवून मीठ फेकून देते. म्हणजे त्याच्या सात पिढ्यांनी जे टाकले ते इथे मोजून वाटतात. हा विनोद त्याने हातवाऱ्यांनी त्या गोऱ्याला समजावला. गोऱ्याला समजला. दोन माणसांची मैत्री व्हायला एवढे पुष्कळ झाले.

पोरगा दुरूनच वाट मोकळी करण्यासाठी ओरडे, “येतो, येतो.” त्यावरून गोरा हा शब्द शिकला. ‘पाणी’ शिकला, ‘बस’ शिकला, आणि ‘नको’ शिकला, कारण त्या उन्हात दुसऱ्या डब्याचे पाणी दिले तर चहासारखे तापलेले असे. पोरग्याने वाळूत काठीने खाडी काढली, खाडीशेजारी झोपडी, झोपडीत दोन बायका, एक मोठी आणि एक लहान. मोठीकडे बोट दाखवून तो म्हणे ‘आयस’. लहानीकडे बोट दाखवून काहीच म्हणत नसे, नुसता पुसून टाकी. “कोलशेत,” तो म्हणे. “ठाना.” गोऱ्याने ती दोन नावे पाठ केली.

मग पोटाचा ताप आला. लढाईत मेली नाहीत तितकी माणसे त्या तापाने मेली, पण तापाला नगारे वाजवीत नाहीत. पोरग्याला डोलीत घालून किनाऱ्यावर बोटीतल्या दवाखान्यात नेत होते. गोरा पहाऱ्यावर उभा होता. डोली शेजारून गेली तेव्हा पोरग्याने हात उचलला आणि म्हणाला, “येतो.”

गोऱ्याला ठाऊक असलेला अर्थ एकच. त्या दिवशी त्याच्या तुकडीला पुढे कूच करण्याचा हुकूम होता. त्याला वाटले, पोरगा तापात उठून आपल्याबरोबर यायचे म्हणतो आहे. म्हणून त्याने हात हलवून त्याला परत निजायला सांगितले. “नको,” तो म्हणाला. “नको, नको.”

“त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं,” तो मला म्हणाला. “मला वाटलं, तापामुळं.”

पोरगा बोटीवर गेला. तिथेच त्याचा प्राण गेला आणि त्याला समुद्रात सोडले. दुसऱ्या खेचरवाल्याने खुणांनी ते सांगितले. थोड्याच दिवसांत सरकारला रेल्वे नकोशी झाली आणि टाकलेले रूळ उचलून न्यायचे ठरले. त्यांतले काही मुंबईला उतरवले आणि आपल्याच बाजूला कोठेतरी घातले, असे तो म्हणे. खरे-खोटे मला माहीत नाही. पण कल्याणच्या यार्डात चालताना तो रुळांकडे जरा ओळखीने पाही.

घरी परतल्यावर त्यांच्या स्वागताच्या दिवशी पाऊस पडला, भाषणे झाली, पदक मिळाले, आणि महिन्याभराने वर्तमानपत्रे त्यांची टिंगल करू लागली. वसाहतीतून घोडे भरून मुंबईला बोटी येत. पलटणींना ते घोडे लागत. त्यांतल्या एका बोटीवर घोड्यांची निगा राखायला म्हणून तो चढला आणि मुंबईला उतरल्यावर परत गेला नाही. त्याला एक निरोप पोहोचवायचा होता.

निरोप पोहोचला तो असा. विचारत विचारत तो कोलशेतला आला. म्हातारी दारात सुकट निवडीत होती, सून पाणी घेऊन येत होती. त्याने खाडीकडे बोट केले, हाताने लाटांवरची आगबोट डोलवून दाखवली, पोरग्याची उंची दाखवली, मग डोके हातावर टेकवून डोळे मिटले. मेला याला मराठीत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हते. शेवटी पोरग्याचा शेवटचा शब्द तरी सांगावा म्हणून तो म्हणाला, “येतो.”

म्हातारीला सगळे कळले. पोरगा बोटीवर आहे, सुखाने झोपतो आहे आणि येतो म्हणून त्याने सांगून पाठवले आहे. तिने साहेबाला भाकरी आणि भाजलेला बोंबील वाढला. तो समोर बसून जेवला. त्याला कळले होते की आपले काहीतरी चुकते आहे, पण काय ते कळत नव्हते. दुसऱ्या खेपेला तिने गावाला बोलावून त्याला दाखवले. मी भेटलो ती तिसरी.

“तुम्ही सांगाल तिला?” त्याने बांधावर मला विचारले.

“सांगेन.”

“आज नको,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडून निघालेला तो शब्द ऐकून त्याने तोंड फिरवले.

बातमी त्याची होती. ती कधी सांगायची ते ठरवणे माझ्याकडे नव्हते. तो कल्याणला पंपावर लागला. रविवारी भाड्याची होडी करी, ओहोटीबरोबर कोलशेतला उतरे आणि भरतीबरोबर परत जाई. म्हातारीचे कुडाचे घर त्याने नीट बांधून काढले. ती त्याला पाणी देई, तो पीत असे. मी ओट्यावर माझ्या तांब्यातले पाणी पीत असे. आमच्याकडे तेव्हा तसेच होते. त्याच्याकडे पाहून मला कधीकधी वाटे की ह्याने आता सांगूच नये. म्हातारी सुखात होती.

पण घरात दुसरी बाई होती. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते तोच नवरा गेला. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या, कपाळाला कुंकू होते, आणि त्यापलीकडे काहीही नव्हते. त्यांच्यात विधवेला पाट लावून दुसरे घर करता येते. डोंबिवलीला तिचा भाऊ शेती करी. त्याने एक चांगला माणूस पाहून ठेवला होता. पंच म्हणाले, नवरा मेल्याची खबर आण. खबर नसेल तर बारा वर्षे वाट पाहा, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा, आणि मग काय ते करा. बारा वर्षांनी तिला कोण विचारणार होते? तिला एका शब्दाची गरज होती, आणि तो शब्द दर रविवारी तिच्या दारात बसून भाकरी खात होता. हे तिला ठाऊक नव्हते, साहेबालाही नव्हते. सासू-सुनेचे तो पाही, पण पाटाचे त्याला कोण सांगणार? मला ते कळले तेव्हा मी त्याला सांगितले. पुढच्या रविवारी तो गेला आणि नुसताच परत आला. त्याच्याही पुढच्या रविवारी तसेच.

गाठ सोडवली ती सरकारी समारंभाने, आणि तीही नकळत. राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून ठाण्याला मंडप पडला. पताका, तोरणे, तलावाकाठी दिव्यांची आरास. आमच्या खात्याला कमानीचे काम दिले होते. आम्ही मिठाचे खांब करावेत अशी एक सूचना आली होती, ती मी मोठ्या कष्टाने मोडून काढली. कोणीतरी कलेक्टरसाहेबांना सांगितले होते की कल्याणला सुदानच्या लढाईतला एक शिपाई आहे. त्याला पदक लावून यायचा हुकूम गेला. त्याला पुढच्या रांगेत बसवले. कलेक्टरसाहेब बोलले आणि मामलेदारांनी त्याचे मराठी केले : दूर समुद्रापलीकडच्या वसाहतीतून आलेल्या ह्या वीराने सुदानच्या रणांगणात महाराणीच्या शत्रूंचे निर्दालन केले. टाळ्या झाल्या.

“तो मोठा शब्द कोणता?” त्याने मागे वळून मला विचारले.

“तुम्ही शत्रू नाहीसे केलेत.”

“मी रुळांवर पहारा दिला,” तो म्हणाला. “रूळ पळून गेले नाहीत एवढं खरं.”

मंडपाच्या कडेला गावोगावचे लोक तमाशा पाहायला उभे होते. त्यांत डोंबिवलीचा तो भाऊ होता. मामलेदारांच्या त्या भाषणातले त्याला दोनच शब्द कळले, सुदान आणि लढाई. कोलशेतला साहेबाला सगळे बोटीवरचा साहेब समजत होते. हा लढाईवरचा आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. लढाईवरच्या माणसाला पोरग्याचे काय झाले ते ठाऊक असणारच. भाऊ तसाच बहिणीकडे गेला.

पुढच्या रविवारी मला बोलावणे आले. भाऊ म्हणाला, “साहेबाची भाषा तुम्हांला येते. तुम्ही मधी बसा.” त्यांची बोली मी इथे थोडी सरळ करून लिहितो आहे, ऐकली तशी मला लिहिता येणार नाही.

म्हातारी चुलीपाशी होती. सून कधी साहेबासमोर उभी राहत नसे. त्या दिवशी ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता त्यालाच विचारले, “सायब, येकच सांगा. हाय का नाय?”

मी भाषांतर करायला तोंड उघडले. त्याने हात करून मला थांबवले. एवढे मराठी त्याला कळले होते. त्याने मी शिकवलेला शब्द वापरला, जवळच्या माणसाचा.

“गेला,” तो म्हणाला.

“कुठं गेला?” म्हातारी चुलीपासून म्हणाली. “आता आनि कुठं गेला? बोट कुठं लागली?”

हा शब्द मीच त्याला दिला होता, आणि तो इथे उपयोगाचा नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले. मग त्याने तो दुसरा शब्द घेतला, खिजगणतीत नसलेल्यांचा.

“मेला.”

भाऊ खाली बसला. सून तशीच उभी होती. म्हातारीने चुलीतले लाकूड मागे ओढले, त्यावर पाणी टाकले आणि ते विझेपर्यंत बघत राहिली.

“तू तर येतो म्हनलास,” ती म्हणाली.

“तो म्हणाला,” साहेब म्हणाला, आणि मग इंग्रजीत माझ्याकडे वळून म्हणाला, “आता सगळं सांगा. मी काय म्हटलं तेही सांगा. काही गाळू नका.”

मी सांगितले. ताप, डोली, हात उचलून म्हटलेला तो शब्द, आणि त्यावर दिलेला जबाब. नुसता मरणाचा निरोप सांगितला असता तरी चालले असते, असे मला सांगतानाही वाटत होते. पण गाळू नका असे त्याने सांगितले होते. ‘नको’ हा शब्द मी उच्चारला तेव्हा तो ओट्यावर मान खाली घालून बसला होता. मला वाटले, म्हातारी त्याला शिव्या देईल. त्यालाही तेच वाटत असावे. तो त्यासाठीच बसला होता.

म्हातारीने विचारले, “मंग त्याला ये कोनीच नाय म्हटलं?”

“नाही,” मी म्हणालो.

“आनि कुठं ठेवला त्याला?”

“समुद्रात.”

ती उठली. गुडघ्यांना हात लावून, सावकाश. दाराबाहेर आली, साहेबाच्या अंगावरून बांधावर गेली आणि खाडीकडे तोंड करून उभी राहिली. भरती लागत होती. पाणी वाफ्यांच्या तोंडापर्यंत आले होते.

“ये रं बाला,” ती म्हणाली. मोठ्याने नाही. शेजारच्या घरून कोणी विस्तव न्यायला आलेला परत निघाला की म्हणावे, तसे.

मग ती परत आली, सुनेला हात धरून पाट्यापाशी नेले आणि तिच्या बांगड्या स्वतः उतरवल्या. एकही फोडली नाही. दोन हातांत मावल्या तेवढ्या घेऊन तिने त्या फडताळात ठेवल्या. दाराशी जमलेल्या शेजारच्या बायकांना हे रीतीचे वाटले नाही. सून तेव्हा कुठे रडली. म्हातारी साहेबाला म्हणाली, “भाकर थंड झाली. खाऊन घे.”

तो जेवला. जेवून उठला, टोपी घेतली, दारातून वाकून बाहेर पडला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने ते म्हटले. “जातो.”

पाट लागला. सून डोंबिवलीला गेली. निघताना सासूच्या पाया पडली, ‘येते’ म्हणाली, सासूने ‘ये’ म्हटले. पहिल्या वर्षी ती चारदा आली, मग मूल झाले, मग दुसरे, मग सणाला कोणाबरोबर तरी तांदूळ पाठवू लागली. यात तिचा काही दोष नव्हता. म्हातारी एकटी राहिली.

साहेबाला आता तिथे येण्याचे कारण उरले नव्हते. निरोप पोहोचला होता. तरी तो रविवारी येई. दोघे ओट्यावर बसत. ती बोले, तो ऐके. त्यातले निम्मे त्याला कळत नसावे. ती त्याला मिठाचे सांगे, कोणत्या वाऱ्याला दाणा जाड धरतो ते. तो तिला मेंढरांचे सांगे, खुणांनी. भरतीची वेळ झाली की तो उठे, ‘जातो’ म्हणे, आणि ती त्याला रागे भरे.

मी एकदा त्याला विचारलेच. इतकी साधी रीत पाळायला काय जाते? येतो म्हटले तर तिला बरे वाटेल.

आम्ही होडीत होतो. “येतो म्हटलं की तिला ये म्हणावं लागेल,” तो म्हणाला. “तो शब्द तिनं त्या दिवशी त्याला दिला. मी तो त्याच्याकडून आधीच एकदा काढून घेतला होता. परत नाही मागणार.”

मी होडीत साचलेले पाणी उपसू लागलो.

त्याच्या अंत्यविधीचे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी त्याची अडचण नको. वीर म्हणून त्याला बंदुकांची सलामी मिळाली. शवपेटीवर निशाण घातले होते, ते वाऱ्याने दोनदा उडाले. पाद्रीसाहेबांनी पुन्हा शत्रूंचा उल्लेख केला. ठाण्याच्या एका पत्रात बातमी आली तीत ऑस्ट्रेलियाचे ऑस्ट्रिया झाले होते. मी दुरुस्ती पाठवली. ती छापली नाही, आणि त्याने ती छापू नका असेच सांगितले असते.

त्याच्या पोटात सुदानचा तो ताप राहून गेला असावा. मधूनमधून उठे. शेवटी उठला तेव्हा त्याला कल्याणला रेल्वेच्या दवाखान्यात हलवले. रविवारी होडी आली नाही म्हणून म्हातारीने नावाड्याला विचारले, आणि पुढच्या भरतीला ती स्वतः त्याच होडीतून कल्याणला आली. ती आयुष्यात कल्याणला कधी आली नव्हती. मातीच्या भांड्यात तांदळाची पेज होती. भांड्याचे तोंड फडक्याने बांधलेले होते.

त्याला पाहायला मी ठाण्याहून आलो होतो, दारातच उभा होतो. कंपाउंडर तिला आत सोडीना. हा गोऱ्यांचा वॉर्ड आहे, म्हणाला, इथे फक्त जवळचे नातेवाईक येतात.

“ही त्याची आई आहे,” मी म्हणालो.

त्याने तिच्याकडे पाहिले, आत खाटेकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिले. दवाखान्याच्या नियमांत आईच्या रंगाबद्दल काही लिहिलेले नव्हते. त्याने वाट सोडली.

ती खाटेशेजारी जमिनीवर बसली. पेजेचे दोन चमचे त्याच्या ओठांना लागले, बाकीची तशीच राहिली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि त्याला नेहमीसारखी गावाकडची हकिगत सांगू लागली : बांध कोठे फुटला, वारा कसा आहे, सुनेचा धाकटा आता चालतो. तो डोळे मिटून होता. दुपार कलली. नावाडी खिडकीशी येऊन म्हणाला, ओहोटी लागली, आता निघायला हवं, नाहीतर होडी चिखलात बसेल.

तिने मान हलवली, पण उठली नाही.

त्याने डोळे उघडले. खिडकीकडे पाहिले, मग तिच्याकडे. उठण्याची वेळ झाली आहे एवढे त्याला कळले असावे; कोणाच्या, ते बहुतेक नाही. एखाद्या रविवारी ओट्यावरून उठावे तसा त्याचा हात टोपी शोधत छातीवरून थोडा सरकला.

“जातो,” तो म्हणाला.

ती आता रागे भरेल म्हणून मी वाट पाहिली. इतकी वर्षे ती जे म्हणत आली होती ते ती त्या दिवशी म्हणाली नाही. तिने त्याचा सरकलेला हात परत छातीवर नीट ठेवला आणि पदराने त्याचे कपाळ पुसले.

“ये,” ती म्हणाली.

नावाड्याने पुन्हा हाक मारली. मी बाहेर जाऊन त्याला सांगितले, तू नीघ, ही पुढच्या ओहोटीला येईल.